डेअरीसमोरची ग्रामसभा

आमच्या माळदऱ्यात ग्रामसभा होत नव्हत्या, असं कुणी म्हणू नये. कायद्यात सांगितल्यात तितक्या व्हायच्या. फक्त होताना त्या कुणी बघितलेल्या नव्हत्या. दवंडी फिरायची ती सकाळी अकराच्या सभेची, म्हणजे अर्धं गाव उसात आणि अर्धं मिरचीच्या रानात असायचं तेव्हाची. शंभर मतदार जमले नाहीत तर सभा तहकूब करायची, आणि तहकूब झालेली सभा पुन्हा भरवली की तिला माणसांची अट नाही, असा नियम. आमचे उपसरपंच उदयसिंहदादा यांना सगळ्या पंचायत कायद्यातला तेवढा एकच नियम पाठ होता, पण तो पक्का पाठ होता. मग आठवड्यानं चौकातल्या कट्ट्यावर पाचसहा जण बसायचे, हॉटेलातून गरम भजी यायची, आणि भजी संपेपर्यंत गावचा कारभार आटपलेला असायचा.

मी जोतीराम, गावच्या दूध संस्थेचा सेक्रेटरी. सेक्रेटरी म्हणजे सकाळ-संध्याकाळ दूध मोजायचं, फॅट काढायची आणि फॅट कमी लागली की शिव्या खायच्या. मी तापट आहे, असं गाव म्हणतं. रोज दोन वेळा रांगभर बायका ‘कालच्यापरीस आज फॅट कमी कशी वो भावजी?’ असं विचारत असतील, तर देवमाणूससुद्धा तापट होईल. आणि आमच्या संस्थेचे चेअरमन कोण, तर पुन्हा उदयसिंहदादाच. माझी भाकरी त्यांच्या हातात होती, एवढं ध्यानात असू द्या.

गोष्ट अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यातली. आदल्या निवडणुकीत सरपंचपद राखीव झालं होतं आणि बौद्धवाड्यातल्या शेवंताबाई सरपंच झाल्या होत्या. गाव त्यांना शेवंताक्का म्हणतं. नवरा आबा गवंडीकाम करायचा, दारात दोन म्हशी, आणि पदरात शेवटची लेक प्रीती. सरपंच झाल्यावर आक्कांना पंचायतीत खुर्ची मिळाली, पण दादांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, ‘तुमी निस्ती सही करा, बाकीचं आमी बघतो.’ आक्कांनी वर्षभर गुमान सह्या केल्या. बाई गप्प बसली की तिला काही कळत नाही असं समजणारी माणसं जगात लई आहेत, आणि त्यातली निम्मी आमच्या कट्ट्यावर बसतात.

त्या उन्हाळ्यात प्रीती सातवी पास झाली. गावातली शाळा सातवीपर्यंतच. पुढचं हायस्कूल नेसरीला, खिंड ओलांडून. पोरं सायकलीनं जायची. पोरी आधी घोळका करून चालत जायच्या, पण दोन वर्षांमागं एका सकाळी खिंडीत गवा उभा राहिलेला दिसला. त्यानं कुणाला काही केलं नाही. पोरींकडं बघितलं आणि झाडीत निघून गेला. पण त्या दिवसापासून गावातली एकही पोर सातवीच्या पुढं गेली नाही. दादांची लेक अनुजा त्यातलीच. वर्गात पहिली यायची, आता परड्यात शेण्या थापत होती.

प्रीतीचंही तेच होणार, हे उघड होतं. माझ्या डेअरीत फॅटची पाटी लटकवलेली असते. ही पोर रांगेत उभी राहून पाटीवरची बेरीज-वजाबाकी करायची आणि माझी चूक काढून दाखवायची, तीसुद्धा चारचौघांत. मला राग यायचा. पण ती शाळा सोडून घरात बसणार, या विचारानं त्याहून जास्त राग यायचा.

मे महिन्यात शेवंताक्का एकट्याच गडहिंग्लजच्या एस.टी. आगारात गेल्या. तिथल्या साहेबांनी नीट ऐकून घेतलं. म्हणाले, नेसरीची गाडी सध्या फाट्यावरून जाते ती गावात घालता येईल, पण गावात गाडी वळायला जागा पाहिजे. आणि जागा दाखवणारा ग्रामसभेचा ठराव जूनआधी पाहिजे, कारण नवं वेळापत्रक तेव्हाच ठरतं.

गाडी वळण्यासारखी जागा गावात एकच, ती म्हणजे चौक. आणि चौकाच्या ऐन मधोमध कट्टा. दादांच्या वडिलांनी, पिराजीरावांनी, स्वतःच्या पैशानं बांधलेला. चांगला खळ्याएवढा ऐसपैस. सकाळी चहा पिऊन माणसं त्यावर बसायची ती जेवायलाच उठायची, आणि जेवून पुन्हा बसायची. गाडी वळायची तर त्याचा एक कोपरा काढावा लागणार होता.

आक्कांनी दादांना तसं सांगितलं. दादा कट्ट्यावरच बसले होते.

‘कट्ट्याला हात लावायचा न्हाय,’ दादा म्हणाले. ‘आमच्या वडलांची आठवण हाय ती.’

‘सगळा न्हाय वो दादा, निस्ता कोपरा.’

‘कोपरा म्हंजे काय कट्टा न्हवं? एस.टी. काय, येईल आन वळून जाईल. कट्ट्यावर आमास्नी जलमभर बसायचं हाय.’

कट्ट्यावरची सगळी मंडळी हसली. मग दादा एकदम गोड आवाजात म्हणाले, ‘तुमी म्हनताय तर घेऊया की ग्रामसभा. सकाळी अकरा वाजता. गाव काय म्हनंल ते खरं.’

म्हणजे कट्ट्याचा निकाल कट्ट्यावर बसूनच लागणार होता.

त्या संध्याकाळी शेवंताक्का दूध घालायला आल्या तेव्हा रांग पार नळापर्यंत गेली होती. त्यांचं दूध मोजून झालं तरी त्या रिकामी किटली घेऊन बाजूला उभ्याच. मी म्हटलं, ‘काय राहिलं काय आक्का?’

‘न्हाय. जोतीरामभाऊ, एवढी मंडळी रोज येत्यात व्हय?’

‘येत्यात की. दिवाळीदिवशीबी येत्यात. म्हस काय सण बघती काय?’

‘शंभराच्या वर असतील न्हवं?’

‘तर काय! आवाजावरनं तर हजार वाटत्यात,’ मी म्हटलं, आणि माझं मलाच बोलता बोलता काहीतरी लक्षात आलं. आक्कांच्याकडं बघितलं तर त्या नुसत्या हसल्या आणि किटली हलवत निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्या पंचायतीत जाऊन ग्रामसेवकांसमोर बसल्या आणि विचारलं, ‘भाऊसाहेब, सभा कुठं आन कवा घ्यायची ह्ये कोन ठरवतंय?’ भाऊसाहेब सरळ माणूस. म्हणाले, ‘सरपंच.’ झालं. दवंडी फिरली ती अशी, की ग्रामसभा सोमवारी संध्याकाळी सहा वाजता, दूध डेअरीच्या समोर.

दादांनी ऐकलं तेव्हा त्यांना हसू आवरेना. ‘डेअरीफुडं? म्हशींची सभा हाय काय?’ त्यांचं हसणं मला समजण्यासारखं होतं. दादांनी जन्मात कधी डेअरीला दूध घातलेलं नव्हतं. चेअरमन म्हणून वर्षातून एकदा हार घालून घ्यायला यायचे, तेही दुपारी. संध्याकाळी सहाला तिथं काय असतं, हे त्यांना माहीतच नव्हतं.

सोमवारी सहा वाजता रांग लागली. आज पुरुषही थोडे आले होते, तमाशा बघायला. मी बाकडं बाहेर काढून टेबल मांडलं. मधल्या खुर्चीत शेवंताक्का, शेजारी भाऊसाहेब. दादा आपल्या मंडळींना घेऊन आले, खुर्चीत बसले आणि जमलेल्यांवर एक नजर फिरवून लगेच उठले.

‘कोरम न्हाय,’ ते म्हणाले. ‘चाळीसबी भरना झाल्यात. भाऊसाहेब, सभा तहकूब म्हनून लिवा.’

भाऊसाहेबांनी चष्मा वर केला. समोर गल्ली गच्च भरली होती. पार नळापर्यंत लुगडीच लुगडी, किटल्याच किटल्या.

‘चाळीस कसे, दादा?’

‘मोजल्यात की मी. बगा, ह्यो एक, त्यो दोन, त्यो खांबाजवळचा तीन…’ दादा बोटानं एकेक धोतर आणि एकेक पायजमा मोजत चालले. मधे बायकांची सगळी रांग लागली तिच्यावरून त्यांचं बोट न थांबता पुढं गेलं, जसं कुंपणावरून जावं तसं.

‘आन आमी काय भितीवरची चित्रं हाय काय?’ रांगेतून धोंडुबाई ओरडली. ती बोलली की शेजारच्या गावाला ऐकू जातं.

दादांना खरंच कळलं नाही. ‘तुमी दूध घालायला आलाय की.’

‘मतं मागायला येतासा तवा मोजून न्हेतासा न्हवं गाडीत घालून?’ धोंडुबाई म्हणाली. ‘तवा बऱ्या मोजाय येत्यात!’

असा काय हशा पिकला म्हणता! दादांच्या बाजूची माणसंही तोंड फिरवून हसली. भाऊसाहेबांनी शांतपणे मोजायला सुरुवात केली. बायका मोठ्यानं आपापला आकडा सांगायला लागल्या. शंभर झाले तेव्हा रांगेचा शेवट अजून दिसतही नव्हता.

‘कोरम झाला,’ भाऊसाहेब म्हणाले, आणि आमच्या गावात हे वाक्य पहिल्यांदाच कुणीतरी बोललं. मी मुद्दाम दादांच्याकडं बघितलं नाही.

शेवंताक्का उठल्या. पदर दोन्ही हातांनी धरून म्हणाल्या, ‘मला लई बोलाय येत न्हाय. कट्ट्याचा कोपरा काढला तर एस.टी. गावात येतीया. एस.टी. आली तर पोरी शाळंला जातील. न्हाय आली तर माजी प्रीती जून म्हैन्यापास्नं घरात. तुमच्या पोरी बसल्यात तशी. एवढंच.’

गल्ली चिडीचूप झाली. आणि ही शांतता आपल्या कामाची नाही, हे दादांनी बरोबर ओळखलं. ते वाकून माझ्या कानात म्हणाले, ‘जोत्या, माप चालू कर. पटापटा दूध घे आन बायकास्नी घरला लाव.’

बरोबर होतं त्यांचं. दूध घातलं की बाई क्षणभर थांबत नाही. घरी चूल असते, पोरं असतात, धारेनंतरची वैरण असते. मी माप चालू केलं असतं तर पंधरा मिनिटांत गल्ली मोकळी झाली असती. मापाचं भांडं माझ्या हातात होतं. रांगेच्या पुढच्या टोकाला प्रीती उभी होती. ती आज पाटीकडं बघत नव्हती, आईकडं बघत होती.

मी माप पालथं घातलं आणि त्यावर बसलो.

‘दादा,’ मी म्हटलं, ‘सभा चालू असताना माप केलं तर कायद्यात बसत न्हाय.’

‘कुठल्या कायद्यात?’

‘हाय एक,’ मी म्हटलं. भाऊसाहेबांनी माझ्याकडं बघितलं, खोकले आणि वहीत डोकं घातलं. देव त्यांचं भलं करो.

आता पंचाईत अशी की दुधाची गाडी सातला येते आणि कुणासाठी थांबत नाही. गाडी गेली की गावाचं सगळं दूध नासणार. एवढ्या घाईची ग्रामसभा सबंध तालुक्यात कधी झाली नसेल. तरी दादा बोलायला उभे राहिलेच. वडिलांनी कट्टा कसा बांधला, दगड कुठून आणले, उद्घाटनाला कोण कोण आलं, सगळं सांगायला लागले. आवाज खरंच भरून आला होता त्यांचा. वडिलांवर जीव होता, ते खोटं नव्हतं. बायकाही हळूहळू पाघळायला लागल्या. शेवंताक्कांचा चेहरा उतरला.

तेवढ्यात रांगेच्या मधून आवाज आला, ‘उद्या, बास कर.’

दादांना घरी ‘उद्या’ म्हणणारी व्यक्ती जगात एकच, त्यांची आई विठाबाई. घरात गडीमाणसं असतानाही म्हातारी आपल्या म्हशीचं दूध स्वतः घेऊन यायची. गडी वाटेत पाणी घालतो, असा तिचा संशय. आणि तो बरोबर होता, मला फॅटवरून कळायचं. किटली घेऊन ती पुढं आली.

‘मालकांनी कट्टा कशापायी बांधला ठावं हाय तुला? बाजारास्नं बायका वझं घिऊन येत्यात, त्यास्नी वझं टेकाय जागा पायजे म्हनून. त्यो मानूस सोता एक दिस कट्ट्यावर बसलेला मी बघितला न्हाय. त्यास्नी कामातनं सवड कुठं व्हती? बसलासा तुमी!’

दादा काही बोलायला गेले.

‘गप. गवा दिसला म्हनून माज्या नातीला दोन वरसं घरात कोंडलीस. खिंडीत जाऊन गव्याला हाकलायचं सोडून तू कट्ट्यावर बसलास. आन आता एस.टी. येतीया तर आडवा येतोस? मालक असतं तर सोता पहार घिऊन कोपरा काढला असता.’

मग तिनं शेवंताक्कांकडं बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, ‘सरपंच, घ्या मतं. दुधाची गाडी यायच्या आत.’

आक्कांनी भाऊसाहेबांकडं बघितलं. भाऊसाहेब उभे राहिले. ‘ज्यांना ठराव मंजूर आहे त्यांनी हात वर करा.’

‘हातात किटली हाय की वो!’ धोंडुबाई ओरडली.

‘मग किटलीसकट करा!’ मीच ओरडलो.

आणि वर गेल्या हो किटल्या! स्टीलच्या, ॲल्युमिनियमच्या, पोचे आलेल्या, झाकणाच्या, बिनझाकणाच्या. विठाबाईची पितळेची सगळ्यांत वर. दूध हिंदकळून बायकांच्या डोक्यावर सांडायला लागलं, आणि त्या खिदळत एकमेकींचं डोकं पुसायला लागल्या. माझा जीव सेक्रेटरीचा, सांडणारं दूध बघून तुटत होता. तरी मी आयुष्यात एवढा हसलो नाही. विरोधात हात वर करा म्हटल्यावर कट्ट्यावरच्या मंडळींनी आधी दादांकडं बघितलं, मग आपापल्या बायकांकडं बघितलं, आणि हात खिशात घातले.

ठराव झाला आणि चौकातून दुधाच्या गाडीचा हॉर्न वाजला. त्या दिवशी मी माप कसं केलं ते माझं मला माहीत.

दादा दोन दिवस घराबाहेर पडले नाहीत. माझी नोकरी जाणार, अशी मी मनाची तयारी केली होती, बायकोला सांगूनही टाकलं होतं. तिसऱ्या दिवशी शेवंताक्कांचा नवरा आबा पहार घेऊन कट्ट्यापाशी उभा राहिला. हा कट्टा त्यानंच तरुणपणी बांधला होता. पहिला घाव घालायला त्याचाही हात उचलेना. तेवढ्यात दादांचा ट्रॅक्टर आला, मागं रिकामी ट्रॉली. दादा खाली उतरले आणि आबाच्या हातातली पहार घेऊन पहिला दगड त्यांनीच काढला. मग दिवसभर ट्रॉलीतून दगड वाहिले. जेवायच्या वेळी आबा आपली भाकरी सोडून सावलीला बसला, तर दादा त्याच्या शेजारी येऊन बसले आणि म्हणाले, ‘आबा, ठेचा हाय काय रं?’ मला तेवढ्यावरच कळलं, की नोकरी शाबूत आहे.

आठवड्यानं आगारातून गाडी वळते का बघायला एस.टी. आली. ड्रायव्हरला गाडी वळवता येत होती, पण गाव त्याला वळवू देईना. ‘आन दे, आन दे, जरा डावीकडं, अवो पावणं उजवीकडं वो!’ असा गदारोळ. शेवटी बिचाऱ्यानं काच वर केली, कान बंद केले आणि एका दमात गाडी फिरवली. लोकांनी ड्रायव्हरला खांद्यावर घेतलं. त्याच्या टोपीत गुलाल पडला. कुस्ती मारून आल्यावरसुद्धा पैलवानाची एवढी मिरवणूक आमच्याकडं निघत नाही.

आणि जूनमध्ये शाळा सुरू झाली. सकाळी एस.टी. आली तेव्हा प्रीती नव्या कोऱ्या दप्तरासह सगळ्यांत पुढं होती. तिच्या वर्गातल्या पोरी तिच्यामागं, आणि त्यांच्यामागं, डोक्यानं उंच, मान खाली घालून उभी असलेली अनुजा. दोन वर्षं घरी बसलेल्या आणखी दोघी तिच्याबरोबर होत्या. आपण मोठ्या दिसतो, याची त्यांना लाज वाटत होती. गाडीत चढलेली प्रीती परत खाली उतरली, अनुजाचा हात धरून तिला वर ओढलं आणि आपल्या शेजारी खिडकीत बसवलं. दादा बाजूला उभे राहून उगाच कंडक्टरला रस्ता कुठं खराब आहे ते सांगत होते.

गाडी गेली आणि गाव मोकळं झालं. पण संध्याकाळी माझ्या डेअरीत कुणी दूध घालायलाच येईना. सहा वाजले तरी रांग नाही. बाहेर येऊन बघतो तर सगळ्या किटल्या चौकात. साडेपाचची एस.टी. अजून आली नव्हती. मी ओरडलो, ‘अगं दूध नासंल की!’ कुणी वळूनसुद्धा बघितलं नाही. शेवंताक्का सगळ्यांत पुढं, खिंडीच्या रस्त्याकडं टक लावून. विठाबाई त्यांचा दंड धरून उभी होती. कोणी कोणाला आधार देत होतं, सांगता येत नव्हतं.

दुधाची गाडी आली, हॉर्न वाजवून निघून गेली, आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

मग वळणावर धूळ उठली. एस.टी. आली, चौकात ऐटीत वळली आणि पोरी उड्या मारत उतरल्या. सगळ्या एकदम बोलत होत्या. आक्कांनी प्रीतीला धरलं, तिच्या तोंडावरून, केसांवरून, दप्तरावरून हात फिरवला.

‘काय शिकिवलं गं?’

‘आज काय शिकिवलं न्हाय. निस्ती नावं लिवून घेतली.’

‘आन मग?’

‘आन उद्या परत या म्हनाल्यात.’

आक्कांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं आणि तोंडभर हसू. डोळे पुसायचंही त्यांना सुचेना. चौकातल्या एकेका बाईजवळ जाऊन, तिचा हात धरून, तिला ऐकू आलं नसेल असं समजून त्या सांगत सुटल्या, ‘उद्या परत बोलिवलंय वो पोरीस्नी. उद्याबी जायाचं हाय.’